काचेच्या भट्टीपुढे ओला हातमोजा नको म्हणजे नकोच

(हातात स्वयंपाकघरातलं फडकं)

हे फडकं ओळखीचं आहे ना? कोरड्या फडक्याने चुलीवरचं पातेलं उतरवलंत तर काही होत नाही, पण तेच फडकं जरा ओलं असलं की दोन पावलं जाईपर्यंत हाताला असा चटका बसतो की पातेलं खाली, आमटी जमिनीवर आणि वर आईची बोलणी. आजचा अख्खा व्हिडिओ या ओल्या फडक्यावर आहे.

नमस्कार मंडळी. मी काच फुंकतो. म्हणजे नक्की काय करतोस असं गावात अजून विचारतात, तर चुलीची फुंकणी असते ना, तशीच पण माणसाच्या छातीएवढी लांब, स्टीलची, आणि तिच्या टोकाला मधासारखी ओघळणारी काच. भट्टीत साधारण ११०० अंश सेल्सिअस. काचेला लागते ती सिलिका वाळू आपल्याच कणकवली तालुक्यात कासार्ड्याला निघते, आणि तरी काच फुंकणारा माणूस दिसला की लोक जत्रेतल्यासारखे बघत उभे राहतात, असो.

शिकायला येणारा प्रत्येक जण पहिलं काय विचारतो, तर दादा, हातमोजे कुठले घेऊ? आणि मी सांगतो की बाकड्यावर बसल्यावर बहुतेक वेळ आपण उघड्या हातानेच काम करतो, तर त्यांना वाटतं हा चेष्टा करतोय. चेष्टा नाही हो. डाव्या हाताने नळी सतत फिरवत राहायची असते, थांबलात की काच लोंबली, आणि जाड मोज्यात नळीचा अंदाजच येत नाही. केव्हलारचे, म्हणजे आचेला टिकणाऱ्या धाग्याचे, मोठे मोजे लागतात ते तयार वस्तू उचलून हळूहळू निववायच्या भट्टीत ठेवताना, आणि तेही कोरडे. खणखणीत कोरडे.

आता कोकणात कोरडं काय राहतं सांगा! मे महिन्यात इथे घाम येतो पण वाळत नाही, अंगावरच राहतो, आणि जूनपासून तर कपाटातले कपडेसुद्धा दमट. मोजा अर्धा तास घातला की आतून चिंब. मोजा आपल्याला वाचवतो तो त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. तिथे पाणी भरलं की खेळ संपला, कारण पाणी उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट सहज पुढे नेतं, आणि त्याची वाफ झाली तर तिला बाहेर जायला वाट नाही, ती थेट कातडीवर. मला स्वतःला हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं, मोजे दोरीवर टाकलेले, वाळले असतील म्हणून घातले आणि गरम नळी पुढून धरली, चार बोटांना फोड. म्हणून आता माझ्याकडे तीन जोड आहेत, एक हातात आणि दोन भट्टीपासून लांब पण उबेत लटकवलेले.

मग तुम्ही म्हणाल, अरे पण तूच तर ओला पेपर हातात धरून त्याच्यावर लाल काच फिरवतोस! बरोबर. (घडी दाखवत) हा बघा, साधा वर्तमानपत्राचा कागद, सात-आठ पानं एकावर एक, तळहाताएवढी घडी, पाण्यात पूर्ण भिजवलेली. रविवारच्या पुरवणीची गुळगुळीत पानं घेऊ नका, ती पाणी पीत नाहीत. इथे पाणी कमी नाही तर भरपूर आहे, फरक तिथेच आहे. काच टेकली की वरच्या थराचं पाणी उकळतं, काचेच्या आणि कागदाच्या मध्ये वाफेची पातळ गादी तयार होते, काच जवळजवळ त्या गादीवरच फिरते, आणि येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना, तसंच. पण पॅड जळून काळा पडला, पातळ झाला, सुकायला लागला की परत पाणी, नाहीतर सरळ नवीन घडी. लाकडी साचेही असेच पाण्यात बुडवून ठेवतात. म्हणजे ओलं चालतं, पण जाड आणि निथळतं, दमट नाही.

नळीचं पण एक आहे. ती स्टेनलेस स्टीलची असते कारण हे स्टील साध्या लोखंडापेक्षा उष्णता बरीच हळू नेतं, त्यामुळे मागचं टोक हाताला चालतं. पण काच परत परत शेकायला आत घातली की गरम पट्टा मागे मागे सरकत येतो. नवीन माणसाचा हात बरोबर तिथेच जातो, का कोण जाणे. नळीवर पाणी ओतून ती गार करतात, फक्त पाणी भोकात जाता कामा नये, आत वाफ होईल आणि दुसऱ्या टोकाला तुमचं तोंड आहे.

आणि लाल दिसतं तेच गरम असं समजू नका. कुठलीही वस्तू साधारण ५०० अंशांच्या पुढे गेल्यावरच डोळ्याला लाल दिसायला लागते, त्याच्या खाली ४०० अंशांची काच आणि गार काच दिसायला अगदी सारखी. जॅक्स म्हणजे आमचा तो मोठा चिमटा, त्याची पाती पण तशीच. म्हणून हत्याराची मूठ कायम आपल्याकडे, उचलायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन आच बघायची, हात लावून नाही.

हे झालं लागून बसणाऱ्या चटक्याचं. न लागता भाजणारी आच वेगळीच, होळीपुढे तोंड भाजतं आणि पाठ गार राहते ती. बाकड्यावर काच उजवीकडे असते, त्यामुळे उजवा हात कोपरापर्यंत आणि उजवी मांडी शेकत राहते. तिथे सुती किंवा केव्हलारची बाही घाला, पॉलिस्टरचा टीशर्ट बिलकुल नको, तो वितळून कातडीला चिकटतो. मोठं काम असेल तर साथीदार काच आणि हात यांच्या मध्ये लाकडी फळी धरतो. हा साथीदार गप्पा मारणारा नको. आणि कोकणातल्या माणसाला सांगायला जड जातं, पण चप्पल नाही, बूट, आणि पॅन्ट बुटाच्या वरून, दुमडलेली तर नाहीच, दुमडीत काचेचा तुकडा पडला तर नाचाल.

डोळ्यांचं थोडक्यात. वर्षानुवर्षं भट्टीत बघणाऱ्यांना मोतीबिंदू होतो हे जुनं दुखणं आहे, विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी खास चष्म्याची काच शोधून १९१४ साली ते काम जाहीर केलं होतं. बर्नरवाले, म्हणजे भट्टीऐवजी बर्नरच्या ज्योतीवर काच वितळवणारे, जांभळट डिडिमियम चष्मा वापरतात, तो सोडियमचा पिवळा झगझगाट कापतो, पण भट्टीची इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारी, आच फारशी अडवत नाही. भट्टीसाठी इन्फ्रारेड अडवणाराच मागा.

प्यायला मी पेज ठेवतो, मीठ घालून, दर वेळी काच शेकून आलो की दोन घोट, तहान लागायची वाट बघत नाही. फॅन पाठीवर, काचेवर वारा गेला तर ती तडकते.

आणि भाजलंच तर अंगठी, कडं लगेच काढा आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं तर काहीच नाही. फोड मोठा असेल, कातडी पांढरी पडली असेल तर सरळ डॉक्टर.

चला, आता काच काढून दाखवतो, भट्टीचं दार उघडतोय... अरे बाळा, कॅमेरा घेऊन दोन पावलं मागे हो. अजून मागे. आणि ती चप्पल?