सर्दीच्या गोळीने झोप का येते? उत्तर मेंदूच्या केशवाहिन्यांत आहे

(हात कॅमेऱ्याजवळ) हे बघा, पट्टीची कड हातावर जरा दाबून ओढली. थांबा थोडं... आली लाल रेघ! आता आजूबाजूलाही लाली पसरतेय. अजून जोरात ओढली असती तर मधली रेघ फुगलीसुद्धा असती. थॉमस लुइस या ब्रिटिश डॉक्टरने 1920च्या दशकात हे बारकाईने तपासलं आणि कातडीतून हिस्टामिनसारखं (हे शरीरातच बनणारं एक रसायन) काहीतरी सुटत असणार, असं म्हटलं. ते हिस्टामिनच निघालं.

ते करतं काय? बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जाऊन बसतं. अस्तराच्या पेशी अंग चोरतात, मध्ये फटी पडतात आणि रक्तातलं पाणी झिरपतं. गांधी उठतात त्या अशाच.

हातावर ठीक आहे हो, कातडी फुगते. कवटी कुठे फुगणार? मेंदूच्या केशवाहिन्यांमध्ये मात्र अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की रक्तातलं हिस्टामिन सहसा आत शिरत नाही.

गंमत पुढे आहे. मेंदू आतमध्ये स्वतःचं हिस्टामिन बनवतो! मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात, मागच्या बाजूला, त्यासाठी साधारण 64 हजार चेतापेशी आहेत. अब्जावधींच्या मानाने मूठभर, पण त्यांच्या हिस्टामिनवर आपलं जागेपण बरंचसं टिकतं. क्लोरफेनिरामिनसारखी सर्दीची जुनी गोळी घट्ट शिवलेल्या पेशींची ही भिंत ओलांडते, एच-1 नावाच्या ग्राहीवर (हिस्टामिन पेशीवर जिथे बसतं त्या जागेवर) ठाण मांडून हिस्टामिनला अडवते, आणि तुम्ही पेंगायला लागता. फेक्सोफेनाडिन या नव्या गोळीने सहसा तसं होत नाही, कारण भिंतीच्या पेशींमध्ये पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. फेक्सोफेनाडिन आत घुसू पाहिलं की हा त्याला उचलून परत रक्तात टाकतो. मला तर या सगळ्या प्रकरणात हा पंपच जास्त आवडतो.

आता डोकेदुखी. मेंदूवरच्या जाड आवरणातल्या रक्तवाहिन्यांना अशी घट्ट शिवण नसते, आणि तिथे हिस्टामिनने भरलेल्या मास्ट पेशीही असतात. प्रयोगात शिरेतून हिस्टामिन दिलं तर डोकं ठणकतं: अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिनीचा स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. अर्धशिशीच्या रुग्णांना तर काही तासांनी खराखुरा झटका येऊ शकतो. एच-1 अडवणारं औषध आधी दिलं, तर प्रयोगातलं हे दुखणं टळतं.

मग अर्धशिशीवर सर्दीची गोळी घ्यावी का? नाही, तिथे ती फारशी चालत नाही. रोजच्या आयुष्यातला झटका एकट्या हिस्टामिनमुळे येत नाही.