शुक्रवारचा नफा कुणाचा?

मंडळी, मध्ययुगात मुस्लिम राजवटीखाली ज्यू आणि ख्रिस्ती कसे राहत होते, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, किंवा नुसता जाच होता. मी तुम्हाला फुस्तातला नेणार आहे, म्हणजे जुन्या कैरोत. तिथे ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, एक खोली होती. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, म्हणून ज्यू लोक तो तिथे टाकत. हळूहळू हिशेब, भाडेचिठ्ठ्या, काडीमोडाचे कागद, घरची पत्रं, सगळंच साठत गेलं. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यातला रोजचा व्यवहार बहुतेक अरबीत आहे, फक्त लिपी हिब्रू.

बाराव्या शतकात मायमोनिडीस हे इथल्या ज्यूंचे थोर धर्मशास्त्री. त्यांच्याकडे निवाड्यासाठी आलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. एका कारखान्यात ज्यू आणि मुसलमान भागीदार आहेत. काम सोनाराचं किंवा काचेचं, हत्यारं सामाईक. शुक्रवार हा मुसलमानांच्या जुम्म्याचा दिवस, शनिवार ज्यूंच्या सब्बाथचा, म्हणजे काम न करण्याचा. म्हणून त्यांनी आपसांत ठरवलंय की शुक्रवारची कमाई ज्यूंची आणि शनिवारची मुसलमानांची. हे आपल्या धर्माला चालेल का? मायमोनिडीस यांनी परवानगी दिली. कुणा सुलतानाने हा तोडगा सुचवला नव्हता. तो एकाच भट्टीशी बसणाऱ्या कारागिरांनी काढला होता.

घरंही शेजारी शेजारी होती, वेगळा कोंडवाडा नव्हता. ज्यूंची स्वतःची न्यायालयं होती, तरी पुष्कळ ज्यू काझीकडे दस्त करायला जात. त्यांच्या पुढाऱ्यांना ते रुचत नसे.

पण याच कागदांत जिझिया आहे. जिझिया म्हटलं की आपल्याला औरंगजेब आणि १६७९ साल आठवतं. इथे तो खालून दिसतो, भरणाऱ्याच्या बाजूने. मुस्लिमेतर प्रौढ पुरुषाला तो द्यावाच लागे, आणि भरल्याची पावती नसेल तर प्रवासात अडवलं जाई. वसुलीवाल्याच्या धाकाने घरातून बाहेर न पडणारे गरीब मदतीची याचना करणारी पत्रं लिहितात. त्यांच्यासाठी जमातीतून वर्गणी गोळा होई. शेजार चांगला होता म्हणून हा कर हलका झाला नाही, हे आपण विसरता कामा नये.

राज्यकर्ता बदलला की सगळंच पालटे. इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्यातला खलिफा अल-अझीझ याच्या काळात ईसा इब्न नस्तूरस हा ख्रिस्ती माणूस वजीर झाला. अझीझचा मुलगा अल-हाकिम गादीवर आला आणि १००९ मध्ये त्याने जेरुसलेमचं पवित्र समाधीचं चर्च पाडायला लावलं. पुढे सिनेगॉगही पडली. नंतर त्यानेच पुन्हा बांधायची मुभा दिली.

खुद्द मायमोनिडीस यांना हे दोन्ही अनुभव आले. स्पेनमधलं कॉर्डोबा अल्मोहाद या कडव्या मुस्लिम राजवटीच्या हाती गेल्यावर त्यांच्या कुटुंबाला तिथून परागंदा व्हावं लागलं. इजिप्तमध्ये मात्र ते सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराचे वैद्य झाले. भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, तेव्हापासून घरखर्च त्यांच्याच डोक्यावर होता. ११९९ च्या एका पत्रात ते लिहितात की सकाळी फुस्तातहून कैरोला दरबारात जायचं, दुपारनंतर उपाशी घरी यायचं, तर दारात रोग्यांची गर्दी: ज्यू आणि इतर, प्रतिष्ठित आणि सामान्य, मित्र आणि शत्रू. आधी हातपाय धुऊन चार घास खाण्यापुरती ते त्यांची परवानगी मागत, आणि मग रात्रीपर्यंत तपासत.