हेरल्डचं छप्पर बोल्टांवर बसतं

श्रोतेहो, नमस्कार.

दोन दारांच्या जुन्या स्टँडर्ड हेरल्ड मोटारीचं छप्पर बोल्टांवर बसलेलं असतं. पुढच्या काचेच्या चौकटीपाशी आणि मागच्या बाजूला असलेले बोल्ट सोडवले, की दोन माणसं मिळून ते छप्पर उचलून बाजूला ठेवू शकतात. कारखान्यानंच तशी सोय केलेली आहे. हे ठाऊक नसलं की कोणीतरी 'स्पोर्ट्‌स गाडी' करायची म्हणून कटर घेऊन येतो आणि काचेच्या खांबापासून छप्पर उडवून टाकतो. अशी कापलेली गाडी पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं, कारण कापलेला पत्रा पुन्हा सरळ जुळत नाही.

जुनी गाडी घरी उभी करणं आणि तिच्यात आपल्या मनाजोगे बदल करणं, हा आजचा विषय. माझं सांगणं एवढंच आहे: जे खोलता येतं ते कापू नका. बदल जरूर करा, पण उद्या दुसऱ्या कोणी पाना लावला तर तो निघाला पाहिजे.

हेरल्डला स्पोर्ट्‌स गाडी म्हणायचं का, असं कोणी विचारेल. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनीनं १९५९ साली हेरल्ड काढली, तिचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटला. तीच गाडी आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया या कंपनीनं १९६१ पासून बनवली. आणि १९६२ मध्ये ट्रायम्फनं हेरल्डचाच चॅसी आखूड करून त्यावर दोन आसनांची स्पिटफायर उभी केली. हेरल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साडेएक्याण्णव इंच, स्पिटफायरचं त्र्याऐंशी इंच. स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन, मागचा आडवा पाटा, इंजिनाचं घराणं, सगळं सख्ख्या बहिणींसारखं. म्हणजे ज्याच्या दारात हेरल्ड आहे, त्याच्याकडे एका नामांकित स्पोर्ट्‌स गाडीचा सांगाडा आधीच आहे. शिवाय चॅसी वेगळा आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी त्यावर कसलेली, त्यामुळे घरच्या पडवीत खोलता येईल अशी याहून सोपी मोटार मला तरी माहीत नाही. मडगार्डसकट अख्खं बोनेट पुढच्या बाजूला उलटतं. इंजिनाशी काम करताना पुढच्या टायरवर बसून करता येतं, कंबर मोडत नाही.

आपल्या मराठवाड्याचा या कामाला एक मोठा फायदा आहे. हवा कोरडी. कोकणात उभी राहिलेली गाडी खालून पार खाल्लेली असते, आपल्याकडे पत्रा त्या मानानं टिकतो. टिकत नाही ते रबर. परभणीच्या, जालन्याच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा दारांच्या बीडिंगपासून ब्रेकच्या होजपर्यंत सगळं रबर कडक होऊन तडकतं. म्हणून जुनी गाडी वाड्यातून बाहेर काढली की आधी रबराची यादी करा, पत्र्याची नंतर.

तरीही चॅसी तपासायचाच. त्याला महागडं यंत्र लागत नाही. गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, चढवा. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर नव्हे, घोड्यांवरच. गाडीखाली शिरणाऱ्याचा जीव त्यावर असतो. मग गवंड्याचा ओळंबा घ्या, चॅसीच्या ठरावीक भोकांमधून खाली सोडा आणि फरशीवर खडूनं खुणा करा. गाडी घोड्यांवरून उतरवा, ढकलून बाजूला घ्या आणि त्या खुणांचे कर्ण मोजा. डावा आणि उजवा कर्ण सारखा आला तर चॅसी सरळ आहे. चॅसीच्या कण्यातून बाजूला निघालेले हात, ज्यांवर बॉडी टेकते, ते हातोडीनं ठोकून ऐका. भद्द आवाज आला तिथे आत गंज आहे. छप्पर काढून चालवायचं असेल तर हे हात धडधाकट हवेतच, नाहीतर दारांच्या फटी हळूहळू फाकतात.

पान्यांविषयी थोडं सांगतो. ही गाडी इंचातली आहे. आपल्या लेथवाल्यांच्या, फिटरच्या भाषेत सुतातली. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो असं वाटतं, पण तो सैल असतो आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करून टाकतो. सुताच्या पान्यांचा एक चांगला संच आधी घ्या. औद्योगिक वसाहतीजवळच्या जुन्या हत्यारांच्या दुकानात तो मिळून जातो.

छोटे गंजलेले भाग साफ करायला मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. प्लास्टिकच्या टपात पाणी, त्यात सोडा, चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. रात्रभरात गंज सुटतो आणि चांगलं लोखंड झिजत नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्या अंगणातच करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

आता एका अशा जागेविषयी बोलायचंय, जिथे चांगल्या-चांगल्या मिस्त्रींचा हात चुकीच्या डब्याकडे जातो. पुढच्या चाकाच्या आत, खालच्या बाजूला, पितळी दिसणारा एक ठोकळा असतो. त्याला ट्रनियन म्हणतात. चाक वळतं तेव्हा उभ्या खांबाचे आटे या ठोकळ्यात फिरतात. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या सवयीनं माणूस ग्रीसगन उचलतो. इथे ग्रीस चालत नाही. ग्रीस आट्यांच्या खालपर्यंत पोचत नाही, वाळून बसतं, मग पाणी शिरतं, खांब आतून गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवं होतं. इथे नव्वद नंबरचं गिअर ऑइलच भरायचं, वरून ओघळेपर्यंत. हे तेल थोडं थोडं गळतच राहतं, म्हणून दर दोन-तीन हजार किलोमीटरला पुन्हा भरायचं. हेरल्ड असो की स्पिटफायर, या गाड्यांच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

इंजिनाची एक परीक्षाही विकत घेण्याआधी करून पाहा. एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं पुढची क्रँक पुली बघायची. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे आतले थ्रस्ट वॉशर झिजलेत. तसंच चालवत राहिलं तर ब्लॉकच खराब होतो. वेळेत लक्षात आलं तर खालचा तेलाचा संप उतरवून वॉशर बदलता येतात.

आता बदलांकडे येतो. तरुण मंडळींना आधी ताकद हवी असते. पहिल्या स्पिटफायरला ११४७ सीसीचं इंजिन होतं, दोन एसयू कार्बोरेटर होते आणि ताकद होती ६३ अश्वशक्ती. सुरुवातीच्या हेरल्डचं ९४८ सीसीचं इंजिन त्या मानानं बरंच सौम्य. म्हणून दोन कार्बोरेटर शोधण्याची धडपड सुरू होते. पण त्याच स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक होते, हे कोणी बोलत नाही. माझा क्रम पक्का आहे: आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं. चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर, सगळे होज, मास्टर सिलिंडरचं किट नवं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. पुढच्या ड्रमच्या जागी स्पिटफायरच्या जातीचे डिस्क बोल्टांवर बसतात. जुने ड्रम पुसून, तेल लावून, पोत्यात बांधून ठेवा.

वळण्याचं तर याहून जपून. हेरल्डच्या मागे एकच आडवा पाटा असतो, डिफरन्शियलच्या डोक्यावर कसलेला, आणि दोन्ही चाकं आतल्या एकेका सांध्यावर खालीवर झुलतात. जोरात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर गाडीची मागची बाजू वर उठते, बाहेरचं चाक पोटाखाली वळतं आणि पकड जाते. १९७० च्या चौथ्या स्पिटफायरपासून ट्रायम्फनं यावर तोड काढली: पाट्याचं एकच मुख्य पान घट्ट धरायचं आणि बाकीच्या पानांना मधोमध झुलू द्यायचं. हा झुलता पाटा हेरल्डला बसतो. त्याच्या जोडीला पुढचा अँटीरोल बार, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणारी सळई, जाड घ्यावा लागतो, दोन्ही एकत्रच करायचं. यात एक टाकासुद्धा वेल्डिंग नाही. मद्रासच्या कंपनीनं मात्र १९७२ साली आणलेल्या गॅझेलला मागे सरळ ॲक्सलच दिला. आपल्या रस्त्यांचा विचार करता त्यातही शहाणपण होतं. पण हेरल्डचा चॅसी कापून सरळ ॲक्सल घुसवणं, हे मी कोणालाही सांगणार नाही.

आणि आता आपलं ऊन आणि आपलं पाणी. बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं, जड असतं. तुमच्या घरातल्या गिझरची कॉइल एकदा काढून बघा, तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट निम्मंनिम्मं. जुना रेडिएटर रेडिएटरवाल्याकडून खोलून, नळ्यांत सळ्या फिरवून घ्या. जाळीच गेली असेल तर वरची-खालची मूळ टाकी ठेवून मधली जाळी जास्त रांगांची घाला. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळतही नाही. आपल्याकडे आणखी एक रीत आहे, गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेकून देण्याची. मला ती मान्य नाही. आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे असं इंजिन तापायलाच फार वेळ घेतं आणि थंड इंजिन लवकर झिजतं. थर्मोस्टॅट ठेवा, रेडिएटर साफ ठेवा आणि हवं तर तापमानावर चालू-बंद होणारा विजेचा पंखा लावा. तोही चार क्लिपांवर बसतो.

उन्हातला दुसरा त्रास म्हणजे गाडी गरम असताना थांबवली की पुन्हा चालू होत नाही. इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर वळवा, मध्ये पातळ पत्र्याची आड लावा. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं.

पेट्रोलही बदललंय. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं. जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक त्या शिशावर टिकून होती. हेड उतरवलंच आहे तर त्यात कडक सीट बसवून घ्या, संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात हे काम नेमकेपणानं करणारे हात आहेत. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याच्याभोवती सुटे भाग घडवणारी किती छोटी युनिटं उभी राहिली! तिथल्या टर्नर लोकांच्या हातातली अचूकता हेच त्यांचं खरं भांडवल आहे, आणि जुन्या गाडीच्या कामात ते आपल्याला फार मोठा आधार आहेत. आता तर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा त्यात फुगतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा घाला, जेट थोडा मोठा करून मिश्रण दुरुस्त करा, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत टाकी अर्धवट भरून ठेवू नका, ते पेट्रोल पाणी ओढतं.

रंगाबद्दल मी थोडकंच बोलेन. लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर इथपर्यंत घरी करा. हार्डनर मिसळायचा शेवटचा रंग मात्र घरी मारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसात गेलं तर दम्यासारखा आजार जडतो आणि साधा कापडी मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही. बंद बूथ आणि बाहेरून हवा येणारा मुखवटा ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच द्या. पावसाळा सरल्यावर द्या. डेंटिंग-वेल्डिंगही उसाच्या हंगामाआधी उरकलेलं बरं, नंतर गावोगावची वेल्डिंगची दुकानं ट्रॉल्यांच्या कामात बुडालेली असतात.

कागदपत्रांचं आधी बघा, असं खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीत लिहिलेल्या मूळ स्वरूपाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. शिवाय जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी; चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधनाला, दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. छप्पर कापलेल्या गाडीला ही वाट बंद होते. पोत्यात बांधलेले ड्रम, फळीवर ठेवलेलं छप्पर, डबीत ठेवलेले इंजिनातल्या ठिणगीचे जुने प्लॅटिनम पॉइंट, यांची किंमत तिथे कळते. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर यांचे फोटो रंगाआधी काढून ठेवा, आणि कुठलाही बदल करण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात विचारा.

गाडी दुरुस्त होऊन उभी राहिली की पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवा. मग इंजिनचं तेल बदला, हेडचे नट ठरल्या क्रमानं पुन्हा कसा, थंड इंजिनावर टॅपेटची फट दहा थाऊवर (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावा, चाकांचे नट, पाट्याचे नट तपासा. मगच घाट चढायला काढा. संभाजीनगरकडचे असाल तर म्हैसमाळचा चढ यासाठी चांगला आहे. तापमानाचा काटा वरपर्यंत मधोमध राहिला आणि उतरताना चारही ब्रेक सारखे लागले, तर तुमचं काम नीट झालंय.

नमस्कार.