गेम ओव्हर: मारिओ हरतो तेव्हा काय जाते?

[दृश्य: काळा पडदा. वरच्या कडेला गुण, नाणी, वर्ल्ड आणि वेळ यांची ओळ. मधोमध दोन पांढरे शब्द.]

हा पडदा पाहण्यासाठी कोणी खेळायला बसत नाही, तरीही मारिओ या पात्राचे व्हिडिओ गेम खेळलेल्या प्रत्येकाने तो इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटले तरी दिसावा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा निन्टेन्डोचा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी बाजारात आला. त्यातल्या 'गेम ओव्हर'मध्ये ना चित्र होते, ना सांत्वनाचा शब्द. होती ती फक्त एक छोटी, मंद होत जाणारी धून. अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला होता. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार तंतोतंत एकच असून केवळ रंग बदलला आहे, हे लक्षात घेतले तर ही काटकसर किती टोकाची होती याची कल्पना येते. अशा संसारात हरणाऱ्या खेळाडूसाठी वेगळे चित्र राखून ठेवणे ही चैनच ठरली असती.

हा पडदा म्हणजे हिशेबाचा कागद समजला, तर तो वाचण्याची रीत एकच आहे: शेवटची लाइफ, म्हणजे खेळण्याची शेवटची संधी, गेल्यावर खेळाडूच्या हातून नेमके काय काढून घेतले? त्या प्रश्नाचे उत्तर मारिओच्या मालिकेत गेल्या चार दशकांत सतत बदलत आले आहे.

[दृश्य: नाणे टाकून खेळायच्या यंत्रांची रांग.]

मारिओचा जन्म घरगुती यंत्रावर झाला नाही. १९८१ सालच्या 'डाँकी काँग' या नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर तो प्रथम दिसला, आणि तिथे 'गेम ओव्हर'चा अर्थ व्यावहारिक होता: तुमच्या नाण्याची किंमत वसूल झाली, आता दुसरे नाणे टाका किंवा मागच्याला जागा द्या. अशी यंत्रे ठेवणाऱ्या पार्लरवाल्याचा धंदा डाव लवकर संपण्यावर चालत असे. घरातल्या यंत्राला मात्र नाण्याची फट नव्हती आणि मागे रांगही नव्हती, खेळाच्या कॅसेटचे पैसे आधीच मोजलेले होते. तरीही मोजक्या लाइफ आणि शेवटी येणारा तो पडदा ही पार्लरची रीत घरात जशीच्या तशी आली. वसुली तेवढी नाण्याऐवजी वेळेत होऊ लागली.

१९८५ च्या खेळात ही वसुली निर्दयी होती. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे. आणि सुरुवातीला हातात लाइफ तीन. एखादा खेळाडू तास-दीड तास घाम गाळून आठव्या वर्ल्डच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला आणि तिथे त्याची शेवटची लाइफ गेली, तर पुढच्या क्षणी तो मुखपृष्ठावर आणि स्टार्ट दाबताच पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या विटेपाशी. पहिले पाढे पंचावन्न.

[दृश्य: खड्ड्यात पडणारा मारिओ, संथ गतीने.]

हा निर्णय यंत्राच्या पोटात कसा होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. लाइफची संख्या स्मृतीतल्या एका खणात ठेवलेली असते, आणि ती पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा एकाने कमी असते: पडद्यावर तीन, तर खणात दोन. मारिओ मेला की प्रोग्राम त्या खणातून एक वजा करतो आणि एवढेच तपासतो की उत्तर शून्याच्या खाली गेले का. गेले नसेल, तर काळ्या पडद्यावर उरलेल्या लाइफ दाखवून खेळ पुढे सुरू होतो. गेले असेल, तर त्याच काळ्या पडद्यावर ते दोन शब्द येतात. आशा आणि निराशा या दोन्हींसाठी पार्श्वभूमी एकच वापरली आहे, आणि शेवटची लाइफ गेल्यावरचा तो क्षणभराचा अंधार ज्याने अनुभवला आहे, त्याला ती काटकसर नाट्यदृष्ट्या किती नेमकी साधली हे सांगावे लागत नाही.

या वजाबाकीतून एक गंमत उद्भवली. तिसऱ्या वर्ल्डच्या पहिल्या टप्प्यात, शेवटाकडच्या पायऱ्यांवरून कासवे उतरत येतात. त्यातल्या एकाची पाठ पायरीशी अडकवून तिच्यावर लागोपाठ उड्या मारत राहिले की आधी गुण वाढत जातात आणि मग प्रत्येक उडीला एक लाइफ मिळू लागते. दहाच्या पुढे गेल्यावर आकड्याशेजारी मुकुट येतो, आणखी पुढे तर आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात, कारण एवढ्या लाइफ कोणी जमवील असे गृहीतच धरलेले नव्हते. आठ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या आठ जागांच्या, त्या खणात ० ते २५५ इतके आकडे मावतात खरे. परंतु सर्वांत वरचा बिट चढला की प्रोग्राम तो आकडा उणे समजतो, म्हणजे १२८ पासून पुढचे सगळे आकडे त्याच्या लेखी शून्याच्या खालचे. त्यामुळे हाव न आवरलेला खेळाडू शंभरावर लाइफ गाठीशी बांधून निघतो, पहिल्याच खड्ड्यात पडतो आणि थेट 'गेम ओव्हर' पाहतो. अति तेथे माती या म्हणीचा इतका शब्दशः प्रयोग एखाद्या प्रोग्राममध्ये क्वचितच सापडेल.

या कठोर हिशेबात एक चोरवाट होती. 'गेम ओव्हर' झाल्यावर कोणत्या वर्ल्डमध्ये हरलात याची नोंद खेळ गुपचूप ठेवत असे, आणि मुखपृष्ठावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले तर त्याच वर्ल्डच्या पहिल्या टप्प्यापासून पुन्हा आरंभ करता येई. पडद्यावर याचा उल्लेख कुठेही नव्हता. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात हा खेळ बहुतेक घरांत पोचला तो फॅमिकॉमची नक्कल असलेल्या स्वस्त यंत्रांतून. कार्ट्रिजला सगळे 'कॅसेट' म्हणत आणि ती नीट लागली नाही की फुंकर मारून पुन्हा खोचत. आमच्या पिढीतल्या कित्येकांना ही चोरवाट फार उशिरा, खेळण्याचे वय उलटून गेल्यावर कळली. कळली असती तरी भरवसा नव्हता, कारण ती नोंद यंत्र चालू असेपर्यंतच टिकत असे. वीज गेली की ती पुसली जाई, आणि उन्हाळ्याच्या सुटीत वीज जाणे ही काही दुर्मीळ घटना नव्हती.

दोघे आळीपाळीने खेळत असतील, तर पडद्यावर हरणाऱ्याचे नावही झळके: 'मारिओ गेम ओव्हर' किंवा 'लुईजी गेम ओव्हर'. धाकट्याच्या वाट्याला मारिओचा भाऊ लुईजी येत असल्यामुळे हा पडदा घराघरांत कोणाच्या नावाने अधिक वेळा लागला असेल, हे सांगायला नको.

[दृश्य: 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा नकाशा.]

१९८८ साली जपानमध्ये आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'मध्ये या पडद्याचे स्वरूप पालटले. इथे 'गेम ओव्हर' नकाशावरच एका चौकटीत येतो आणि खाली दोन पर्याय देतो: पुढे चालू ठेवा किंवा थांबा. पुढे चालू ठेवले की खेळाडू त्याच वर्ल्डच्या आरंभी जातो. पार केलेले टप्पे पुन्हा पार करावे लागतात; मात्र एखादा किल्ला जिंकल्यामुळे नकाशावरचे जे कुलूप फुटलेले असते, ते फुटलेलेच राहते. हा बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. वाटेतली मजल खेळ परत मागतो, पण एकदा उघडलेला दरवाजा तुमच्या तोंडावर पुन्हा लावत नाही, आणि त्या जवळच्या वाटेने निम्मे टप्पे टाळता येत असतील तर त्याला हरकतही घेत नाही.

चार वर्षांनी याच्या नेमके उलट घडले. गेम बॉय या हातातल्या यंत्रावरचा 'सुपर मारिओ लँड २' १९९२ साली आला. वारिओ या खलनायकाने बळकावलेल्या किल्ल्यात शिरण्यासाठी सहा विभागांतली सहा सोन्याची नाणी मिळवायची, आणि प्रत्येक नाण्यामागे एक दांडगा शत्रू, अशी त्याची रचना आहे. खेळ बॅटरीच्या आधाराने प्रगती जपून ठेवतो, म्हणून खेळाडू निर्धास्त असतो. आणि मग 'गेम ओव्हर' येतो: मिळवलेली सगळी नाणी जातात आणि ज्यांना हरवले ते शत्रू आपापल्या जागी परत येऊन बसतात. टप्पे खुले राहतात, वेळ वाया गेला असेही वरवर वाटत नाही, पण कमावलेले नेमके तेच हिरावले जाते. पाच नाणी खिशात असताना सहाव्याच्या वाटेवर शेवटची लाइफ गमावणे, यापेक्षा जिव्हारी लागणारा 'गेम ओव्हर' या मालिकेत मला दुसरा आठवत नाही.

त्याआधीच, १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये, 'गेम' आणि 'ओव्हर' हे दोन शब्द दोन बाजूंनी सरकत मधोमध येऊ लागले होते. दिसायला हा पडदा अधिक भारदस्त, पण त्याची धार बोथट झाली होती, कारण किल्ले आणि भुतांची घरे पार केल्यावर खेळ प्रगती नोंदवून ठेवत असे. नुकसान होई ते शेवटच्या नोंदीपासून पुढच्या काही टप्प्यांचेच.

१९९६ सालच्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये मालिकेचा खलनायक बाउझर खदाखदा हसतो, त्याच्या डोक्याच्या आकारात पडदा मिटतो, आणि शेवटी मुखपृष्ठावरचा मारिओचा तो अवाढव्य चेहरा पुन्हा समोर येतो; या वेळी पाठीमागच्या भिंतीवर 'गेम ओव्हर' हीच अक्षरे ओळीने मांडलेली असतात. सुरुवातीला जसे त्याचे नाक आणि कान ओढता येतात, तसे इथेही ओढता येतात. हरलेल्या माणसाला हातचाळ्यासाठी काहीतरी दिले आहे, असेच म्हणावे लागेल. जमवलेले तारे सगळे शाबूत असतात. दंड एवढाच की पुन्हा खेळ उघडल्यावर मारिओ राजवाड्याच्या बाहेर अंगणात उगवतो. तिथून पूल ओलांडून, दालने पार करून, टप्प्यांचे दरवाजे असलेल्या भिंतीवरच्या चित्रांपैकी हव्या त्या चित्रापर्यंत चालत जावे लागते. बत्तीस टप्प्यांची शिक्षा अकरा वर्षांत एका फेरफटक्यावर आली.

यानंतर लाइफचे मोल झपाट्याने घसरले. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एकटा खेळणारा एकाच टप्प्यात आठ वेळा मेला की एक हिरवा ठोकळा दिसतो आणि त्यातून निघालेला लुईजी वाट दाखवत टप्पा स्वतः पार करतो. २०१२ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स २'ने तर दहा लाख नाणी जमवण्याचेच ध्येय पुढे ठेवले, आणि शंभर नाण्यांना एक लाइफ हा जुना दर तसाच राहिल्यामुळे लाइफचे ढीग साचले. त्या ढिगावर बसलेल्या खेळाडूला 'गेम ओव्हर'चा पडदा पाहायचा असेल, तर मुद्दाम प्रयत्न करावे लागतात.

[दृश्य: 'सुपर मारिओ ओडिसी'. वरच्या कोपऱ्यातून दहा नाणी वजा होतात.]

शेवटी २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'ने लाइफ हा प्रकारच काढून टाकला. मारिओ मेला की दहा नाणी वजा होतात आणि जवळच्या ठिकाणाहून खेळ सुरू होतो. वजाबाकी अजून आहे, पण शून्याखाली गेल्यावर पुढे काहीच नाही. नाण्यांच्या यंत्रावर जन्मलेला हा गडी छत्तीस वर्षांनी पुन्हा नाण्यांतच दंड भरू लागला, फक्त आता ती नाणी खेळातल्याच खिशातली होती. मला व्यक्तिशः हा व्यवहार थोडा बेचव वाटतो. खड्ड्याच्या काठावर हाताला जो घाम सुटायचा, तो दहा नाण्यांसाठी सुटत नाही.

निर्मात्यांनाही तसेच वाटले की काय, ते ठाऊक नाही. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्ये लाइफ परतल्या आणि त्यांच्याबरोबर 'गेम ओव्हर'ही. पण त्यात एक नवी सोय आहे. इंटरनेटवरून खेळताना इतर खेळाडूंच्या सावल्या आपल्या आसपास धावत असतात, आणि कोणीकोणी वाटेत आपल्या पात्राची पुठ्ठ्याची उभी प्रतिमा रोवून ठेवलेली असते. मारिओ मेला की त्याचे भूत होते आणि पाच सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते.

[दृश्य: मोजणी तीनवर. भूत तरंगत एका अनोळखी खेळाडूच्या प्रतिमेकडे झेपावते.]

तेवढ्या वेळात एखाद्या सावलीला किंवा अशा प्रतिमेला स्पर्श झाला, तर लाइफ वाचते आणि खेळ तिथूनच पुढे जातो. ज्याने ती प्रतिमा रोवली, तो कदाचित टप्पा पार करून केव्हाच निघून गेलेला असतो.