पंगतीत परत: ख्रिस्ती मंडळीतली शिस्त

(दृश्य: सोलापूर, रविवारची सकाळ. चर्चच्या पायरीवर चपला. आत गीत सुरू आहे.)

भरल्या पंगतीतून उठवणं, यापेक्षा मोठा अपमान आपल्याकडे नाही. ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय, एखाद्या सभासदाला प्रभुभोजनापासून, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटल्या जाणाऱ्या भाकर-प्याल्यापासून दूर ठेवते, तेव्हा बाहेरच्याला तेच घडताना दिसतं. पण बायबलच्या नव्या करारात ही पायरी सांगितली आहे ती त्या माणसाला पुन्हा पंगतीत बसवता यावं म्हणून. हा हेतू सुटला की शिस्तीची नुसती शिक्षा होते.

सोलापूरच्या जुन्या मराठी मंडळ्यांची मुळं अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आहेत. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं आणि पुढे सोलापूरला आलं. सभासदाविषयीचा निर्णय स्थानिक मंडळीने घ्यायचा, ही त्या परंपरेची रीत. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि त्यात सामील झालेल्या मंडळ्या बिशपांच्या अधिकाराखाली आल्या. कारभार बदलला, तरी शिस्तीचा पाया तोच राहिला: मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, ओवी १५ ते १७.

(दृश्य: दोन खोल्यांचं घर. खाटेवर वही, हिशेबाचे आकडे.)

समजा, मंडळीतल्या बारा जणांची भिशी आहे, महिना २,००० रुपयांची. एकाने तिसऱ्या महिन्यात २४,००० उचलले आणि हप्ते थांबवले. भरले ६,०००, बाकी १८,०००.

मत्तयातल्या त्या ओव्यांप्रमाणे, ज्याचं नुकसान झालं त्याने आधी चुकलेल्याकडे एकट्याने जायचं आणि गोष्ट दोघांतच ठेवायची. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तक्रार त्या माणसाकडे जाण्याआधी शेजारी जाते, मग बायबल अभ्यासाच्या गटात जाते. तीही कशी, तर ‘त्याच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून. संध्याकाळपर्यंत ती व्हॉट्सअ‍ॅपवर असते. चार लोकांना कळल्यावर माणूस आधी अब्रू सांभाळतो. चूक कबूल करायला त्याला जागाच उरत नाही. एकट्याने जायचं ते ही जागा मोकळी राहावी म्हणून. जाताना रक्कम आणि तारखा लिहून न्याव्यात. ‘तुम्ही लबाडी केलीत’ असं म्हणू नये. ‘भाऊ, तिसऱ्या महिन्यानंतर हप्ता आला नाही, काय झालं?’ असं विचारावं. कधी कधी याच भेटीत कळतं की यंत्रमाग बंद आहे, घरात पगार आलेला नाही. मग विषय शिस्तीचा राहत नाही, मदतीचा होतो.

ऐकलं नाही, तर आणखी एकदोघांना सोबत न्यावं. दोघा-तिघांच्या साक्षीवाचून कुणाला दोषी धरू नये, हा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला आहे. सोबत जाणारे तक्रारदाराचे मेहुणे किंवा मित्र नसावेत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या आणि तक्रारदारच चुकत असेल तर त्याला तसं तोंडावर सांगायचं. काय ठरलं ते तारखेसह लिहून घ्यावं.

तेही फसलं तर मंडळीला कळवायचं. म्हणजे पाहुणे आणि लहान मुलं बसलेल्या उपासनेत नव्हे, सभासदांच्या बैठकीत. काय घडलं, किती वेळा समजावलं, तेवढंच वाचावं. त्याच्या स्वभावावर भाषण नको.

(दृश्य: वेदीवर भाकर आणि प्याला.)

तरीही नकारच असेल, तर येशू म्हणतो, तो तुला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा, म्हणजे त्या काळी समाज ज्यांना दूर ठेवी त्यांच्यासारखा होवो. या शब्दांचा बहिष्कार असा अर्थ लावणाऱ्यांनी जकातदारांशी येशू कसा वागला ते पाहावं. तो त्यांच्या घरी जेवला. जक्कय नावाच्या जकातदाराने तर त्यानंतर फसवणुकीच्या चौपट परत द्यायची तयारी दाखवली. म्हणून प्रभुभोजन, पद आणि मतदान थांबतं. उपासनेत येणं, पाळकांची घरभेट, आजारपणातली विचारपूस थांबत नाही. दफनाला जागा नाकारणं किंवा रोटीबेटी बंद करणं ही शिस्त नव्हे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिस्तीचे हेतू जुन्या विश्वासपत्रांनी, म्हणजे चर्चच्या श्रद्धेची मांडणी करणाऱ्या लेखांनी मोजून सांगितले आहेत. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात पाच आहेत आणि चुकलेल्या भावाला परत मिळवणं हा त्यातला पहिला. इतरांना सावध करणं हा दुसरा, आणि तिसरा खमीर काढून टाकण्याचा, म्हणजे एकाचं वाईट सगळ्या मंडळीत पसरू न देण्याचा. प्रेषित पौलाच्या पत्रातली ही खमिराची उपमा सोलापूरच्या स्वयंपाकघरात समजावून सांगावी लागत नाही. इडलीचं आंबलेलं वाटीभर पीठ ताज्या पिठात पडलं की सकाळपर्यंत पातेलं भरून येतं. ख्रिस्ताच्या नावाचा मान राखणं हा चौथा, आणि मंडळीवर देवाचा कोप ओढवू नये हा पाचवा.

यातला चौथा हेतू पहिल्या जागी बसवला की अनर्थ होतो. ‘मंडळीची अब्रू’ म्हणून प्रकरणं दाबली जातात, विशेषतः आरोप मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांवर (एल्डरांवर) किंवा पाळकांवर असेल तेव्हा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात याच्या उलट सांगितलं आहे: वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय घेऊ नका, पण जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष द्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर वरच्या पायऱ्या तिथे लागूच नाहीत. त्या मुलाला आरोपीसमोर एकटं बसवायचं नाही आणि कमिटीची वाटही पाहायची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे.

(दृश्य: हातमाग. विणकर तुटलेला धागा शोधून गाठ मारतो.)

गलतीकरांना लिहिलेल्या पौलाच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितलं आहे. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद मत्तयाच्या चौथ्या अध्यायात कोळ्यांच्या जाळ्यांसाठी आलं आहे: जाळी नीट करणं. सोलापूरला समुद्र नाही, पण तुटलेल्या धाग्यासाठी इथे कुणी अख्खं कापड फेकत नाही.

दूर ठेवण्याची तयारी बहुतेक मंडळ्यांची असते, परत घेण्याची फार थोड्यांची. निर्णयाच्या दिवशीच पुढच्या आढाव्याची तारीख लिहायला हवी, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं लटकत राहतो. पश्चात्ताप रडण्यावरून मोजू नये. चूक नाव घेऊन मान्य केली का, भरपाई सुरू झाली का, हे पाहावं. १८,००० एकदम जमत नसतील तर महिना दीड हजारांप्रमाणे बारा हप्ते; सगळे फिटेपर्यंत थांबायची गरज नाही. करिंथकरांना दुसऱ्या पत्रात पौल शासन झालेल्या एकाविषयी लिहितो की झालं तेवढं पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल.

ज्या बैठकीत त्याचं नाव वाचलं, तशाच बैठकीत त्याला परत घेतल्याचंही वाचावं, तितक्याच स्पष्ट आवाजात. बाकावर त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं. ज्याचे पैसे अडकले तोच बसला तर फार बरं. तबक पुढे येईल तेव्हा त्याने भाकर घ्यावी आणि शेजाऱ्याकडे द्यावी.

(दृश्य: हातातून हाती जाणारं तबक. गीत.)