मतदाराच्या दारात

मंडळी, उद्यापासून तुम्ही हातात यादी आणि गळ्यात उपरणं घेऊन घरोघर फिरणार. म्हणून आज मी पुढाऱ्यांच्या भाषणांबद्दल बोलणार नाही, तुमच्याबद्दल बोलणार आहे.

आचारसंहिता म्हणजे निवडणूक आयोगाचा बडगा, असं आपल्या डोक्यात बसलंय. तिची सुरुवात झाली १९६०च्या केरळ विधानसभा निवडणुकीत. सभा कशा घ्यायच्या, मिरवणुका कशा काढायच्या, घोषणा कोणत्या द्यायच्या नाहीत, यावर पक्षांची सहमती झाली. १९६२च्या लोकसभा निवडणुकीला आयोगाने ती पक्षांकडे पाठवली. धाक आला तो पुढे, मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात. पण ती स्वतः आजही कायदा नाही. पक्षांनी एकमेकांना आणि मतदाराला दिलेला तो शब्द आहे, आणि तो पाळायचा की मोडायचा हे तुमच्या हातात आहे.

त्यातली साधी कलमं बघा. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या भिंतीवर पोस्टर लावायचं नाही, घोषणा रंगवायची नाही. मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची. तिच्यावर चिन्ह नको, उमेदवाराचं नाव नको. विरोधकाच्या खासगी आयुष्यावर बोलायचं नाही.

काही गोष्टी मात्र थेट कायद्यात आहेत, १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात. तुम्ही यादीत आडनाव बघता आणि दारात म्हणता, ‘आपल्याच माणसाला द्या बरं का.’ किती सहज निघतं हे तोंडातून! सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने सांगितलं, की मतदाराचा धर्म, जात, भाषा काढून मत मागणं हासुद्धा भ्रष्ट आचार आहे. उमेदवाराच्या संमतीने तुम्ही ते बोललात, तर निवडून आलेला माणूस घरी जाऊ शकतो.

रिक्षाचंही तसंच. म्हाताऱ्या माणसाला केंद्रावर नेऊन सोडणं आपल्याला पुण्याचं काम वाटतं. मलाही वाटायचं. पण उमेदवाराच्या वतीने मतदारांची फुकट ने-आण करणं त्याच कायद्याने भ्रष्ट आचार ठरतं. उपकार घेतलेला माणूस मोकळ्या मनाने मत देत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. आता लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांसाठी घरून मतदानाची सोय आहे. त्याचा अर्ज वेळेत भरायला मदत करा, ती खरी सेवा.

मी शिक्षक होतो, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही. एकदा केंद्राध्यक्ष होतो. दिसत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तर मतदाराला सोबती नेता येतो. पण एका माणसाला दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, आणि तसं लिहून द्यावं लागतं. सकाळी एक तरुण पोरगा एका आजोबांसोबत येऊन गेला होता. दुपारी तोच एका आजींचा हात धरून आला. म्हणाला, ‘सर, यांना दिसत नाही.’ मी त्याला दारातच थांबवलं आणि आजींना विचारलं, ‘समोरच्या भिंतीवर काय आहे?’

‘फळा,’ आजी म्हणाल्या. ‘त्याच्यावर सुविचार लिहिलाय. हा म्हणाला, आजी, तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मी दाबतो.’

पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणीतरी ‘एवढी मतं काढून आण’ असं सांगितलेलं, आणि मतं ‘काढणं’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. आजींच्या बोटाला शाई लागली. त्या एकट्याच पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि बराच वेळ तिथेच होत्या. माझा पोलिंग ऑफिसर चुळबुळ करायला लागला, मी त्याला हातानेच थांबवलं. मग लांबलचक बीप वाजला.

दारात पोराने विचारलं, ‘आजी, नीट दाबलंत ना?’

आजींनी पदर सारखा केला आणि त्याचा हात न धरता पायऱ्या उतरल्या.