गड उतरून आलेलं गाव

[पहाट. अजिंक्यताऱ्याची चढण. पावलांचे आवाज.]

साताऱ्यात पहाटे कुणी म्हणालं, "जरा वर जाऊन येतो", तर 'वर' म्हणजे कुठे ते विचारावं लागत नाही. अजिंक्यतारा! गाडी पार दरवाजापर्यंत जाते, पण रोजची मंडळी पायीच येतात. गुडघे दुखतात म्हणतात आणि आपल्याला मागे टाकून पुढे निघून जातात.

[तटावरून शहर.]

उंची साधारण ३,३०० फूट. पायाशी शहर, पश्चिमेला यवतेश्वर, नैर्ऋत्येला सज्जनगड, आणि ऊन जिथून वर येतं त्या अंगाला जरंडेश्वर. सात डोंगरांचा म्हणून सातारा, असं सांगतात. कितलीचा डोंगर, पेढ्याचा भैरोबा, नकडीचा डोंगर... मोजता मोजता सहाच भरतात. सातवा आपल्या पायाखाली असतो.

[मंगळाई बुरूज.]

१७०० साली औरंगजेब जातीनं इथे वेढा घालून बसला होता. मोगलांच्या सुरुंगानं तट उडाला खरा, पण ढिगारा कोसळला तो हल्ल्यासाठी खाली थांबलेल्या त्यांच्याच फौजेवर. तरी शेवटी गड गेला, 'आझमतारा' झाला. ताराराणींनी तो परत घेतला, आणि आजचं नाव मिळालं.

[तळी. मग पुन्हा शहर.]

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. पुढे राजधानीचा पसारा गडावर मावेना, आणि गाव खाली उतरलं. सोमवार, मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ... इथून पेठांची छपरं एकमेकांना खेटून बसलेली दिसतात. गडावर तळी आहेत, पण उन्हाळ्यात त्यांचा तळ दिसतो. एवढ्यावर शहर कसं जगणार?

या प्रश्नाचं उत्तर पश्चिमेला आहे.

[यवतेश्वर घाट. धुकं.]

समुद्र इथून दिसत नाही. पण जून उजाडला की त्याचं पाणी ढगांतून सह्याद्री चढतं आणि साताऱ्याआधी कासच्या पठारावर कोसळतं. साताऱ्यापर्यंत येईस्तोवर ढग बरेच हलके झालेले असतात. म्हणून तर इथे कोवळं ऊन असताना घाटात वायपर लावावा लागतो.

कासला लोक फुलं बघायला जातात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर हे पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तर सप्टेंबरात गाड्यांची रांगच. फुलं सुंदर आहेत, वाद नाही. पण सातारकराला विचाराल तर तो थोडं पुढचं तळं दाखवेल. एकोणिसाव्या शतकातलं. तळं उंचावर, शहर खाली; त्यामुळे पाणी उताराच्याच जोरावर खाली येतं.

[पुन्हा गड. ऊन वर आलेलं.]

आठ वाजले. वर आलेले उतरायला लागलेत. एक आजोबा घड्याळ बघून पाय उचलतात.

"चला, नळ जाईल."